वेलांटी आधी की नंतर

टंकलेखन संस्थांचे चालक, तिथले शिक्षक आणि कोर्टाच्या आवारात यंत्र मांडून बसणारे सर्व टंकलेखक यांना नमस्कार.

प्रस्तुत वक्ता मराठी टंकलेखन शिकला तेव्हा ‘कि’ उमटवायला आधी वेलांटीची कळ दाबावी लागे, मग क. कागदावर डावीकडे जे दिसतं ते आधी, असा यंत्राचा नियम होता. आता संगणकाच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत तोच माणूस क आधी दाबतो, कारण उच्चारात क आधी येतो. घाईत मात्र बोट अजूनही वेलांटीकडे धावतं.

टंकलेखन यंत्र मुळात रोमन अक्षरांसाठी घडलं. पंचेचाळीसच्या आसपास कळा, प्रत्येकीवर दोन खुणा. एवढ्या जागेत देवनागरी बसवताना ज्यांनी डोकं चालवलं, त्यांचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. रेमिंग्टन मांडणीत ख, ध, भ यांना स्वतंत्र पूर्ण कळ नव्हतीच. अर्धं अक्षर दाबायचं आणि त्याला काना जोडायचा, की अक्षर पुरं. अर्ध्या अक्षरामुळे जोडाक्षरंही सुटली. उकार आणि मात्रा यांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे, म्हणून खूण अक्षराच्या अंगावरच बसे.

१९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचं यंत्र बाजारात आणलं. पुढे कित्येक तालुक्यांच्या गावी, एखाद्या दुकानाच्या माडीवर, टायपिंगचा वर्ग भरू लागला. राज्य परीक्षा परिषदेची मराठीची मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची परीक्षा म्हणजे नोकरीच्या दाराची किल्ली. शेतकऱ्यांच्या मुली त्या प्रमाणपत्रावर कचेरीत लागल्या, हे या व्यवसायाचं मोठं काम आहे आणि ते अभिमानाने सांगायला हवं. या कामाला कसबही लागे. प्रती काढण्यासाठी स्टेन्सिल कापताना रिबन बाजूला सारायची आणि प्रत्येक कळ सारख्या जोराने मारायची. जोर कमी पडला तर अक्षर पुसट, जास्त झाला तर ‘ठ’च्या पोटाला भोक. तो हात महिनोन्‌महिने बसूनच तयार होई. गोदरेजने २००९ मध्ये उत्पादन थांबवलं, तोवर बहुतेक वर्गांत संगणक आला होता.

संगणकावर मराठी आणण्याच्या कामात पुण्याच्या सी-डॅकचा वाटा मोठा. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पुढची अनेक वर्षं राज्य केलं ते कृतीदेवसारख्या फाँटनी. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ टंकलं आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडलं, तर पडद्यावर ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं दिसत. आपल्या भाषेचं नावसुद्धा आपल्याला वाचता येऊ नये, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फार लागलं होतं.

विंडोज २००० बरोबर युनिकोडवर चालणारा मंगल फाँट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या एका कवीने. समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांतला भेद मराठी माणसाला कानाने कळतो. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःची जागा असल्यामुळे तो भेद संगणकालाही कळतो, शोधतानाही टिकतो. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच पायावर.

आता खरी काळजी. वक्त्याच्या घरी १९७८ ची एक कार्बन प्रत आहे. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. शेजारच्याच खोक्यात १९९६ च्या आठ फ्लॉप्या आहेत. त्यांत एका छोट्या दिवाळी अंकाचा सगळा मजकूर आहे, आणि तो उघडायला ना फ्लॉपीची खाच असलेलं यंत्र घरी आहे, ना तो फाँट. असा मजकूर गावोगावच्या छापखान्यांत पडून आहे. स्थानिक इतिहास, संस्थांची इतिवृत्तं, कवींचे पहिले संग्रह. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत, पण ती रफारापाशी चुकतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटवतात. ते दुरुस्त करायला दोन्ही मांडण्या बोटांत असलेला माणूस लागतो. असा माणूस या सभागृहात जितका आहे तितका बाहेर नाही, आणि तो दरवर्षी कमी होतोय.

म्हणून या सभेचा अध्यक्ष या नात्याने एकच मागणी ठेवायची आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका संस्थेने फ्लॉपी वाचणारं एक चालू यंत्र सांभाळावं, जवळच्या छापखान्यांकडचा जुना मजकूर मागून घ्यावा आणि वर्गातल्या मुलांकडून, ज्येष्ठ टंकलेखकांच्या देखरेखीखाली, तो तपासून घ्यावा. मुलांना सराव होईल आणि सरावाला खरा मजकूर मिळेल. वक्त्याने ते आठ फ्लॉप्यांचं खोकं सोबत आणलं आहे. दुपारच्या सत्रानंतर ते मागच्या टेबलावर असेल. कोणाकडे चालू ड्राइव्ह असेल तर सुरुवात आजच करता येईल.