शंभर वर्षांचा हिशेब
(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात राजापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





सोहळा शंभर वर्षांचा आहे. अशा वेळी जुन्या माणसांची आठवण निघते आणि ती निघालीच पाहिजे. आज पाचल सोडलं की अणुस्कुऱ्याचा घाट आपण गाडीत बसल्याबसल्या चढतो. तेव्हा तो पायांनी चढायचा, गाठोडं पाठीला. वर गेलं की मलकापूर, मग कोल्हापूर, आणि पुढे देशावरची न संपणारी वाट. आषाढीला आपलं कोकण गुडघाभर चिखलात उभं असतं. लावणी टाकून कोण निघणार? म्हणून आपली वारी कार्तिकीची. भात कापलं, झोडलं, घरात आलं की मग पांडुरंग. देशावरचे काही वारकरी यावरून चिडवतात. त्यांनी एक दिवस आमच्याबरोबर लावणीला वाकून बघावं, मग बोलावं.

हे सगळं आधीच्या वक्त्यांनी चांगलं सांगितलं. आम्ही जरा वेगळा हिशेब मांडणार आहोत.

आपली दिंडी १९२५ पासूनची. २०२५ साली शंभर भरली. पण विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडं होऊन काही शंभर वर्षं झालेली नाहीत. ते उघडलं १९४७ साली. म्हणजे आपल्या शंभरातली पहिली बावीस वर्षं अशी गेली की, एकाच गावातून दोन माणसं निघाली, एकाच घाटाने चढली, एकाच चंद्रभागेत न्हाली आणि महाद्वाराशी पोचल्यावर एक आत गेला, एक बाहेर राहिला. आत गेलेल्याने चरणावर डोकं ठेवलं. बाहेर राहिलेल्याने नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवलं आणि कळस बघून तो परत फिरला. दोघांच्या पायाला फोड सारखेच.

चोखोबांचं काय झालं ते आपल्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी ओळखून पंढरीला आणल्या, महाद्वाराशी समाधी बांधली. सातशे वर्षांहून थोडं कमी झालं असेल या गोष्टीला. आपण कीर्तनात हे ऐकतो, डोळे पुसतो. पण नामदेवांना जे जमलं ते किती आणि जे जमलं नाही ते किती, हे कुणी फारसं विचारत नाही. संतांनी चोखोबांना दारापर्यंत आणलं. दाराच्या आत न्यायला आणखी सहाशे वर्षं लागली, आणि त्यासाठी एका माणसाला जिवावर उदार व्हावं लागलं.

तो माणूस आपल्या जिल्ह्यातला. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, दापोली तालुक्यातलं पालगड. नावच पांडुरंग. 'श्यामची आई' आपण सगळ्यांनी वाचली आहे, वाचताना रडलोही आहोत. पण हेच साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा त्यांना हार घालायला फार लोक पुढे आले नव्हते, हेही सांगितलं पाहिजे.

गुरुजी आधी १९४६ च्या कार्तिकीलाच बसणार होते. आपल्याच वारीच्या दिवशी! सहकाऱ्यांनी सांगितलं, आधी लोकांकडे जाऊ, लोकांचं मन तयार करू. मग गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले. गावोगाव सभा. त्या दौऱ्यात अनेक गावांत विहिरी खुल्या झाल्या, देवळं खुली झाली. पंढरपूरचं देऊळ मात्र उघडेना. तेव्हा १ मे १९४७ ला ते उपोषणाला बसले. भीमेच्या पलीकडे चालते व्हा, अशा घोषणा त्यांच्या विरोधात झाल्या. गांधीजींनाही हे उपोषण पटलेलं नव्हतं. ज्या माणसाला गुरुजी देवासारखं मानत त्याचाही शब्द त्यांनी या एका बाबतीत मानला नाही. विचार करा, किती जड गेलं असेल.

आणि आता वारकऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. उपोषणाला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. कोणी सरकारी माणूस नव्हे, शहरातला पुढारी नव्हे. माळकरी, कीर्तनकार. पंढरपुरात राहून, रोज त्याच लोकांत वावरून त्यांनी ते केलं. आम्हांला वाटतं, धर्म वाचवला म्हणतात तो असा वाचतो. गुरुजी तर दोन दिवसांनी निघून जाणारे होते. तनपुरे महाराजांना तिथेच नांदायचं होतं.

मध्यस्थीला आले दादासाहेब मावळंकर. हेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण या आपल्या राजापुरात झालेलं. बडवे मंडळींशी बोलणं झालं, दार उघडायला संमती मिळाली, आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पालगडचा एक, राजापुरात शिकलेला एक. घाट उतरून खाली बघायची सवय नसलेल्या लोकांना हे आपण सांगत राहिलं पाहिजे.

रत्नागिरीत तर त्याच्याही आधी, १९३१ साली, पतितपावन मंदिर उभं राहिलं होतं. पैसा भागोजीशेठ कीरांचा, पुढाकार सावरकरांचा, आणि देऊळ पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं. सावरकरांची बाकीची मतं कुणाला पटोत न पटोत, आपल्या मुलखात हे घडलं ते घडलं.

दार उघडलं म्हणून सगळं झालं का? इरावतीबाई कर्वे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. त्यांचा 'वाटचाल' नावाचा लेख पुष्कळांनी शाळा-कॉलेजात वाचला असेल. दिंडी एक, पण ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे बघून बाईंना फार लागलं. दिवसभर एका टाळावर पाय टाकायचे आणि संध्याकाळी चुली दोन. हा लेख टीकाकाराने लांबून लिहिलेला नाही. वारीवर जीव असलेल्या, त्या वाटेवर डोळे भरून आलेल्या बाईने तो लिहिला आहे, म्हणून तो आपण निमूट ऐकला पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. दार उघडलं तेव्हा ज्यांच्यासाठी उघडलं त्यांतले पुष्कळजण वाट बघून बघून दुसऱ्या वाटेला लागायच्या बेतात होते. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्यातले. घर कबीरपंथी, भजनाचं. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासाठी त्यांनी सत्याग्रह केला, तो वर्षानुवर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ साली नागपुरात धम्माची दीक्षा घेतली. अस्पृश्य कोण, यावर त्यांनी १९४८ साली जो ग्रंथ छापला तो त्यांनी तीन संतांना अर्पण केला आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. म्हणजे चोखोबांना ते विसरले नव्हते. चोखोबांना पायरीवर ठेवणाऱ्यांना मात्र त्यांनी सोडलं.

आज आपल्या प्रत्येक गावात बौद्धवाडी आहे. कधी कधी आपली मंडळी तिथे जाऊन म्हणतात, आता सगळं उघडं आहे, या की दिंडीला. प्रेमाने म्हणतात, पण हे बोलणं आम्हांला बरोबर वाटत नाही. ज्यांच्या आज्याला आपण दाराशी थांबवलं त्यांचा नातू आता बुद्धविहारात जातो, तर ती त्याची श्रद्धा आहे. आपल्याला काय करता येईल? त्यांच्या वाडीचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेला तर आपली वाडी त्यांच्याबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन बसते का? स्मशानाची वाट, पाण्याची लाइन, यात त्यांचं नाव शेवटी येतं का? आधी हे बघू. वारीचं आमंत्रण नंतर.

आता दुसऱ्या धर्मांविषयी, कारण राजापुरात बोलायचं आणि हे टाळायचं म्हणजे अर्धं बोलायचं. तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग होतो, आरती होते, मग पुढे पाऊल. श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा मुसलमान घरात जन्मले आणि 'योगसंग्राम' मराठीत लिहून संतमालिकेत बसले. इकडे रत्नागिरीजवळ हातिसला पीर बाबरशेखांचा उरूस हिंदू गावकरीच पुढाकार घेऊन करतात. आणि साने गुरुजी? देऊळ उघडायला बसले त्यांनीच इस्लामी संस्कृतीवर आदराने पुस्तक लिहिलं. त्यांना ही दोन कामं वेगळी वाटली नाहीत.

विनोबा भावे पण कोकणातलेच, पेणजवळच्या गागोद्याचे. १९५३ साली बिहारात देवघरला हरिजनांबरोबर देवळात जाताना पंड्यांनी त्यांना मारलं. पाच वर्षांनी, १९५८ साली, ते पंढरपुरात आले. बरोबर मुसलमान होते, ख्रिस्ती होते. या खेपेला मंदिराच्या मंडळींनी त्यांना सगळ्यांसकट बोलावलं आणि ते सगळे मिळून विठ्ठलाच्या पायापाशी गेले. अकरा वर्षांत पंढरपूर एवढं बदललं. जे अकरा वर्षांत बदलू शकतं, त्याला परंपरा बदलत नाही असं कसं म्हणायचं?

मार्च २०२५ मध्ये शिमग्याचा माड नेताना इथे मशिदीच्या दाराशी ताण झाला, त्याची चित्रफीत देशभर फिरली. ज्यांनी राजापूर कधी बघितलं नाही त्यांनी आपल्याला धडे दिले, दोन्ही बाजूंनी. माड मशिदीच्या पायरीपाशी नेण्याची रीत जुनी आहे, असं इथली माणसं सांगतात. असेल. पण रीत जुनी असते ती दोन्ही घरांनी सांभाळलेली म्हणून. एक घर नाचतंय आणि दुसरं घर दार लावून आत बसलंय, असं ज्या दिवशी होतं त्या दिवशी तिच्यात जुनं काही उरलेलं नसतं. शिमग्याच्या आधी दोन्हीकडची वडीलधारी माणसं एकत्र बसून चहा प्यायली तर पोलिसांना फार काम राहणार नाही. आपले वारकरी त्या बैठकीत असावेत. गळ्यात माळ आहे, तेवढा हक्क आणि तेवढं ओझं आपल्यावर आहेच.

शेवटी आपल्या घरातलं. १९७३ साली पंढरपूर मंदिराचा कायदा झाला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपल्यावर शिक्कामोर्तब केलं. प्रत्यक्ष पांडुरंगाच्या गाभाऱ्यातला वंशाचा हक्क गेला. आपल्या दिंडीत विणा कुणाच्या गळ्यात असावी, याचा विचार आता घराण्यावर का अडावा? आमचं मागणं असं आहे की, यंदा कार्तिकीला वाटेवर रोज विणा बदलावी. ज्याला, जिला हरिपाठ येतो आणि एक मजल उभं राहून चालायची ताकद आहे त्याच्याकडे, तिच्याकडे. बायका शंभर वर्षं तुळस डोक्यावर घेऊन चालल्या. तुळशीपेक्षा विणा काही जड नाही.

पंगत एकच बसावी आणि वाढणाऱ्यांची नावं रोज चिठ्ठ्या टाकून काढावीत, म्हणजे आडनाव बघून कुणी पातेल्याशी आणि कुणी भांडी घासायला असं होणार नाही. आणि पंढरीत पोचल्यावर चोखोबांच्या समाधीपाशी आपण गडबडीत हात लावून पुढे पळतो, तसं न करता तिथे उभं राहून एक पूर्ण भजन व्हावं. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा या सगळ्यांची नावं घेऊन. रांगेतला नंबर गेला तर जाऊ दे. तिथे उभं राहायची आपल्या लोकांना सवय होती.

पाचलच्या मुक्कामी रात्री हरिपाठानंतर यावर बैठक आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर यावं, आधी त्यांचंच ऐकू. नावं द्यायची वही पखवाजवाल्या बुवांकडे ठेवली आहे.

राम कृष्ण हरी.