क्षयरोगाची चाळणी आणि दारी येणारे क्ष-किरण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वैद्यकावर बोलावयास आम्ही काही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही शाळामास्तर झालो आणि उभा जन्म अंकगणित शिकविण्यात गेला. परंतु क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्र आपल्या कार्यालयात आणावे असा ठराव मंडळापुढे आला, आणि त्यावर किती कडाक्याचे मतभेद झाले हे आपणांस ठाऊक आहे. ठरावाची बाजू मांडण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. जे वाचले, डॉक्टरमंडळींकडून जे समजून घेतले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे सांगू.

जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे १८९५ साली राँटगेन यांना हे अज्ञात किरण आढळले, आणि त्यांच्या पत्नीच्या हाताचे, बोटातल्या अंगठीसह उमटलेले हाडांचे चित्र जगाने पाहिले. त्यापूर्वी १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. जंतू सापडला आणि छातीच्या आत पाहण्याचे साधनही सापडले, तेव्हा रोगनिदान सोपे झाले असे कोणासही वाटेल. तसे ते झाले नाही. रुग्ण एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे, ही अडचण उरलीच. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी मोटारीत क्ष-किरण यंत्र बसवून, मोटारीच्या इंजिनावर वीज निर्माण करून, ते जखमी सैनिकांजवळ नेले. यंत्राने रोग्याकडे जावे, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

पुढे ब्राझीलचे डॉक्टर आब्रेउ यांनी १९३६ साली लहान फिल्मवर छातीची चित्रे झपाट्याने घेण्याची रीत काढली. १९५७ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने अवघ्या पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक नागरिकांची छाती तपासली. लोकांनी यावे म्हणून छातीवर लावावयाचे बिल्ले दिले, बक्षिसांच्या सोडतीही काढल्या! आपल्याकडेही १९५५ ते १९५८ या काळात राष्ट्रीय पाहणी झाली, आणि तिच्यासाठी क्ष-किरणांच्या गाड्या खेड्यापाड्यांतून फिरल्या. मात्र सरसकट सर्वांची अशी तपासणी खर्चाच्या मानाने परवडत नाही, असे ठरवून १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ती थांबविण्याचा सल्ला दिला. तेव्हापासून भर राहिला तो, खोकला घेऊन जो आपण होऊन दवाखान्यात येईल त्याची थुंकी तपासण्यावर.

आता जो आपण होऊन येतो त्याचे तरी काय होते? कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात बॅनर्जी आणि अँडरसन यांनी केलेली पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. क्षयाने आजारी असलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक दवाखान्याची पायरी चढून आलेले होते, आणि पुष्कळांची बोळवण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर झाली होती. रोगी अडाणी म्हणून रोग लपतो, हे आपण फार सहज बोलतो. या पाहणीने दोषाचा वाटा दवाखान्याच्या पदरातही घातला. ती बाटली आजही मिळते, हे आपल्यापैकी अनेकजण सांगू शकतील.

दुसरी बाजू २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसली. लक्षणे असणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोणत्याही दवाखान्यात गेलेच नव्हते. आणि आम्हांस विशेष वाटले ते पुढचेच: क्ष-किरणचित्र काढले नसते, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२·६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. खोकला नाही, ताप नाही, माणूस शेतावर जातो, पंक्तीत जेवतो, आणि छातीत रोग घर करून बसला आहे! जे यंत्र अडगळीत गेले होते ते पुन्हा बाहेर आले ते याचमुळे. आता ते इतके लहान झाले आहे की एका माणसाच्या हातात मावते, बॅटरीवर चालते, आणि वीज गेली तरी अडत नाही. चित्र संगणकावर उमटते आणि संगणकच त्याची पहिली वाचणी करतो. पंधरा वर्षांवरील माणसांसाठी अशा वाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली.

येथे आमचे अंकगणित थोडे ऐकून घ्यावे. एका गावात दहा हजार प्रौढ माणसे आहेत आणि त्यांत तीस जणांना क्षय आहे असे धरू; राष्ट्रीय पाहणीतील प्रमाण साधारण एवढेच होते. आपली चाचणी शंभर रोग्यांतील नव्वदांना पकडते आणि शंभर निरोग्यांतील सत्तरांना बरोबर सोडते असे धरू. चाळणीच्या चाचणीकडून तज्ज्ञांची किमान अपेक्षा एवढीच असते. तर तीसांपैकी सत्तावीस सापडले, तीन निसटले. पण उरलेल्या ९,९७० निरोगी माणसांपैकी तीस टक्के, म्हणजे २,९९१ माणसे, उगीच संशयात आली. एकंदर संशयित ३,०१८, आणि खरे रोगी त्यांत २७. म्हणजे सुमारे एकशे बारा संशयितांमागे एक! ज्यांना आज येथून काहीही घरी न्यावयाचे नसेल त्यांनी हा हिशेब तेवढा न्यावा. क्ष-किरणचित्रात डाग दिसला म्हणजे क्षय झाला असे नव्हे. ती चाळणी आहे, निकाल नव्हे.

डाग दिसण्याची कारणे तरी किती! जुना, बरा झालेला व्रण डाग दाखवितो. न्यूमोनिया दाखवितो, कर्करोगही दाखवितो. सदऱ्याची बटणे, मंगळसूत्र, खांद्यावरून पुढे घेतलेली जाड वेणी, यांचीही सावली पडते, आणि वाचणारा घाईत असला तर वेणीचा रोग होतो. आमचा एक विद्यार्थी दगडाच्या खाणीवर कामास होता. केवळ छायाचित्र पाहून त्यास सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली. थुंकी कोणी तपासली नाही. पुढे मोठ्या रुग्णालयात कळले की ती दगडाच्या धुळीने जडणारी व्याधी होती. उलट मणक्याचा, आतड्याचा, मानेच्या गाठींचा क्षय छातीच्या चित्रात मुळीच न दिसण्याचा संभव असतो. म्हणून ज्याचे चित्र स्वच्छ आले त्यानेही अंग झडत असेल, रात्री घाम फुटत असेल, तर स्वस्थ बसू नये.

डाग दिसल्यावर खरी परीक्षा बेडक्याची. तोंडातली लाळ देऊन काम भागत नाही. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून छातीतून आलेला बेडका द्यावा लागतो. क्षयजंतूंची जनुके ओळखणारी यंत्रे आता पुष्कळ ठिकाणी पोचली आहेत. त्यांपैकी ट्रूनॅट हे आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्यास मान्यता दिली. मुख्य औषध त्या जंतूला लागू पडेल की नाही, हेही अशा यंत्रांवर कळते. हे पुढचे पाऊल नसेल तर क्ष-किरणांची गाडी येणे म्हणजे गावात भीती पेरून जाणे होय. ज्या शिबिरात छायाचित्र काढतात, वर्तमानपत्रासाठी दुसरे छायाचित्र काढतात आणि निघून जातात, तसले शिबिर आम्हांस नको.

आता मंडळातील मुख्य आक्षेपाकडे येतो. ‘ज्या दालनात वधूवर मेळावा भरतो त्याच दालनात क्षयाची तपासणी? नावे फुटली तर मुलींची लग्ने मोडतील,’ असे एका वयोवृद्ध सभासदांनी तळमळीने म्हटले. आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी, नाव आणि गाव आम्ही सांगणार नाही, चार महिने खोकत होती. स्थळे येत होती म्हणून घरच्यांनी दवाखाना टाळला. पाहुणे आले की तिने आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून बसावे. अखेर गुळणीतून रक्त पडले तेव्हा तिला नेले. ती वाचली, सहा महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरी झाली. पण त्या आतल्या खोलीत तिच्यासोबत निजणारी तिची धाकटी भावंडे दोन होती, आणि त्यांतील एकाला पुढे औषधे घ्यावी लागली. लग्न वाचविण्यासाठी ज्यांनी रोग लपविला, त्यांनी तो घरातच वाटला. त्या आईबापांस आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांना भय होते ते आपलेच, येथे बसलेल्या आपणा सर्वांचे.

औषधे योग्य असतील आणि लागू पडत असतील, तर संसर्गाचा धोका लवकरच पुष्कळ कमी होतो. घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामात राहून घेतलेल्या औषधाइतकेच गुणकारी ठरते, हे मद्रासच्या १९५६ ते १९५९ मधील प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. तरीही रोग्याचा पेला निराळा आणि बरा झालेल्याचाही पेला निराळाच, ही रीत आपल्या घरांतून गेलेली नाही.

देशापुरते बोलावयाचे तर लाखामागे नवे रुग्ण २०१५ साली २३७ होते, ते २०२४ साली १८७ वर आले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उतार आहे, परंतु २०२५ सालापर्यंत क्षयनिर्मूलनाचा जो संकल्प २०१८ साली जाहीर झाला होता तो पुरा झाला नाही, आणि जगातील दर चार क्षयरुग्णांमागे सुमारे एक अजूनही भारतीय आहे.

तेव्हा मंडळापुढे आमची सूचना अशी आहे. तपासणी व्हावी, ती केवळ ज्ञातीपुरती नसावी, तर कार्यालयाच्या आसपासच्या सर्व वस्तीची असावी. म्हणजे कोण कोणत्या घरचा याची चर्चाही होणार नाही, आणि रोगाला ज्ञात नसते हेही खरेच आहे. निकाल लखोट्यात, ज्याचा त्याच्या हाती द्यावा. ज्यांना पुढील तपासणीस तालुक्यास जावे लागेल, त्यांची मजुरी बुडते. त्यांच्या भाड्याची आणि त्या दिवसाच्या शिध्याची तरतूद संस्थेच्या आरोग्य निधीतून व्हावी. रुग्णास पोषणासाठी सरकारकडून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. तिच्यासाठी बँकेचे खाते लागते. ते उघडून देण्यास दोन तरुण नेमावेत.

किरणांचे भय बाळगणाऱ्यांस एवढेच सांगतो, की छातीच्या एका चित्रास लागणारी मात्रा फार थोडी असते. निसर्गातून काही दिवसांत आपल्या अंगावर पडते तेवढीच. तरी यंत्र चालविणाऱ्याच्या मागेपुढे मुलांनी घोटाळू नये. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आठवत असेल! गर्भवती भगिनींनी तसे आधी सांगावे. येताना स्त्रियांनी केस वर बांधून यावे, गळ्यातील दागिने काढून घरच्या माणसाजवळ द्यावेत, पुरुषांनी बटणांवाचूनचा सदरा घालावा. श्वास भरून घ्या असे सांगतील तेव्हा तो पुरता भरावा, आणि चित्र निघेपर्यंत रोखून धरावा.