क्रीडांगणाच्या पोटांत



जुनें क्रीडांगण नवें करावयाचें ठरलें म्हणजे गांवांत चर्चा होते ती वर दिसणाऱ्या गोष्टींची. प्रेक्षकांच्या पायऱ्या किती वाढवाव्या, दिव्यांचे मनोरे किती उंच असावेत, याविषयीं प्रत्येकास मत असतें. त्या मैदानाच्या पोटांत काय आहे, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नासंबंधानें मी आज आपणांशीं बोलणार आहें. आणि उदाहरणादाखल परभणी जिल्ह्यांतील कोणतेंहि जुनें मैदान आपण डोळ्यांपुढें आणावें.

असें मैदान वरून सपाट दिसलें, तरी आंतून तें जुन्या वाड्यासारखें असतें. प्रत्येक पिढीनें त्यांत आपापली भर घातलेली असते. विंधनविहिरीपासून टाकीपर्यंत गेलेला नळ, दिव्यांच्या तारा, पावसाचें पाणी काढून देणारीं गटारें, दूरध्वनीच्या तारा, आणि एखादे वेळीं कचरा टाकून बुजविलेली विहीरहि. जमीन किती मोठी वस्तु लपवूं शकते, हें सेलू तालुक्यांतील वालूरच्या बारवेनें दाखविलेंच आहे. ती चक्राकार बारव गाळाखालीं बुजली होती. गांवकऱ्यांनीं श्रमदान करून ती पुन्हां उजेडांत आणली.

आपण म्हणाल, या सर्वांचे नकाशे असतीलच. असतात, परंतु आपल्या भागाचा इतिहास ध्यानांत घ्यावा. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होती व दप्तर उर्दूंत चाले. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. २०११ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दप्तर बदललें कीं कांहीं कागद मागें राहतात. आणि जे पुढें येतात ते खरेच असतात असें नाहीं.

याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं, मैदानाच्या कडेला खांबासाठीं खड्डा घेण्याचें काम माझ्या देखरेखीखालीं चाललें होतें. नकाशांत विजेची तार तेथून वीस फूट दूर दाखविली होती. मीं नकाशावर विश्वास ठेवला. थोड्याच वेळांत टिकावाचा घाव तारेवर बसला. मोठा आवाज झाला आणि निळी ज्वाळा उठली. टिकावाचा दांडा कोरड्या लांकडाचा होता म्हणून मजुराचे प्राण वांचले. परंतु त्याचे दोन्ही हात भाजले व दोन महिने त्यास काम करतां आलें नाहीं. ज्याचें हातावर पोट, त्याचेच हात गेले होते! पुढें कळलें कीं, तार टाकतांना वाटेंत खडक लागल्यामुळें ती वळविली होती, आणि तें वळण कागदावर चढलें नव्हतें. कागद चुकला असेल. पण तो तपासून न पाहण्याची चूक माझी होती.

अशी चूक थोरांच्या हातूनहि घडते. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. दूरध्वनीचे जनक ग्रॅहॅम बेल यांनीं विद्युत्‌-यंत्राच्या साहाय्यानें ती शरीरांत शोधण्याचा प्रयत्न केला. वैद्यांची खात्री होती कीं गोळी उजव्या बाजूस आहे. म्हणून शोध तेवढ्याच बाजूस झाला. गोळी डावीकडे होती! शिवाय बिछान्यांतील पोलादी स्प्रिंगांनीं यंत्राला गोंधळविलें तें वेगळेंच.

आजचीं शोधयंत्रें बेल यांच्या यंत्राच्याच वंशांतलीं आहेत. तारेंत अगर लोखंडी नळांत उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला कीं तिच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उमटतें. जमिनीवरून फिरविलेल्या यंत्रांतील वेटोळें तें टिपतें, आणि तार कोठून व किती खोल जाते हें समजतें. प्लॅस्टिकच्या नळांपुढें मात्र हें यंत्र आंधळें असतें. त्या नळांत लहानसा प्रेषक सरकवून त्याचा माग काढावा लागतो. दुसरें साधन भूवेधी रडार. तें जमिनींत रेडिओलहरी सोडतें आणि खालच्या वस्तूंवरून परतलेले त्यांचे प्रतिध्वनि टिपून घेतें.

येथें आपली काळी माती आडवी येते. ही चिकण माती ओली असतां रेडिओलहरी गिळून टाकते. वाळूच्या जमिनींत कैक फूट पाहणाऱ्या यंत्राला येथें हातभर खोलीपलीकडचें दिसेनासें होतें. म्हणून ही तपासणी पावसाळ्यांत करूं नये. माती वाळल्यावर करावी. पण माती वाळली कीं भेगा पडतात, आणि भेगाहि प्रतिध्वनि देतात. शिवाय ही माती पावसांत फुगते, उन्हांत आकसते. त्या ओढाताणींत नळांचे जोड उचकटतात. तेव्हां एकाच यंत्राच्या साक्षीवर निकाल देऊं नये. आधीं सर्व कार्यालयांतून कागद जमवावेत; जुन्या माळ्याला व तारतंत्र्याला विचारावें; मग यंत्र फिरवावें; आणि जेथें नवा पाया यावयाचा, तेथें हातानें, बेतानें चाचणीचे खड्डे घेऊन डोळ्यांनीं खात्री करावी.

हा खर्च व्यर्थ आहे काय? अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठानें १९९९ सालीं ७१ कामें तपासलीं. अशा शोधावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरामागें ४.६२ डॉलर वांचल्याचें आढळलें. उलट बाजूहि पाहावी. ३० जुलै २००४ रोजीं बेल्जममधील गिलेंगियां येथें, बांधकामांत पूर्वीं इजा झालेली वायुवाहिनी फुटून २४ माणसें मेलीं. आपल्याकडे २२ मार्च २०२३ रोजीं केंद्र सरकारनें 'कॉल बिफोर यू डिग' ही मोबाइलवरील सोय सुरू केली. खणणारानें आधीं कळवावें आणि ज्यांच्या तारा वा नळ खालीं आहेत त्यांनीं सावध व्हावें, असा तिचा हेतु. दरसाल सुमारें दहा लाख वेळां संदेशवहनाच्या तारा तुटतात व सुमारें ३,००० कोटी रुपयांचें नुकसान होतें, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें होतें.

पण मला त्या आंकड्यांहून ते भाजलेले हात अधिक आठवतात. पाण्याचा दुष्काळ ज्या मुलखानें वारंवार सोसला, तेथें एक नळ फुटला तरी किती घरांच्या घागरी रित्या राहतात, हें आपणांस सांगावयास नको.

शेवटीं एकच विनंती. जें सांपडेल तें लिहून ठेवावें. नवी तार टाकाल तेव्हां तिचें प्रत्येक वळण माती लोटण्यापूर्वींच मोजून कागदावर चढवावें. पन्नास वर्षांनंतर तें मैदान पुन्हां कोणी तरी खणील. त्याच्या हातीं खरा नकाशा पडावा, एवढें ऋण आपण फेडूं शकतों.