राजा गादीवर, कारभार पंचांकडे

 

मध्यंतरी आम्ही गटाच्या बायका फलटण, दहिवडीवरून औंधला गेलो होतो. यमाईचं दर्शन घेतलं, डोंगराच्या वाटेवरचं राजांनी उभारलेलं चित्रांचं संग्रहालय बघितलं. बाहेर आल्यावर एक मावशी म्हणाल्या, "राजा म्हणजे त्याचाच हुकूम. रयतेला कोण विचारतंय!" गाडीत यावरच बोलणं चाललं. आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

नीरा ओलांडली की आपल्याला फलटण लागतं. स्वातंत्र्याआधी ही नदी म्हणजे राज्याची हद्द होती. अलीकडे बारामती, इंदापूर इंग्रजांच्या मुलखात, तर पलीकडे फलटणच्या निंबाळकरांचं संस्थान. त्याच्यापुढे औंधचं संस्थान होतं, बहात्तर गावांचं. ती गावंही एका जागी नव्हती. काही औंधजवळ, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, अशी विखुरलेली.

औंधचे राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे. १९३८ साली त्यांनी जाहीर केलं की राज्याचा कारभार आपण प्रजेच्या हाती देणार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर या कामाला लागले. सेवाग्रामला जाऊन महात्मा गांधींचा सल्ला घेतला. आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची राज्यघटना लागू झाली. आपला देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी.

तिची रचना सोपी होती. गावानं पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुक्याची सभा. तालुक्यांनी माणसं पाठवायची ती वरच्या सभेत, तिथं कायदे व्हायचे. मंत्र्यांनी त्या सभेला हिशेब द्यायचा. राजा गादीवर राहिला, पण त्याच्या खासगी खर्चालासुद्धा मर्यादा पडली. गावातले तंटेही शक्यतो गावातच पंचांपुढे मिटवायचे, म्हणजे कोर्टाची पायपीट वाचायची.

अशा पद्धतीला घटनात्मक राजेशाही म्हणतात. म्हणजे राजा असतो, पण तोही लिहिलेल्या किंवा ठरलेल्या नियमाखाली असतो. राष्ट्राचा प्रमुख राजा आणि सरकारचा प्रमुख पंतप्रधान, अशी दोन कामं दोन माणसांकडे. पंतप्रधानाला लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा पाठिंबा लागतो. तो गेला की खुर्ची गेली. इंग्लंडमध्ये आजही कायद्याला राजाची संमती लागते, पण संमती नाकारल्याची शेवटची घटना आहे १७०८ सालची. आपल्या शेजारच्या भूतानमध्ये तर राजांनीच पुढाकार घेतला आणि २००८ साली राज्यघटना आणली. राजानं पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, असं त्यात लिहिलंय.

कुणी म्हणेल, आपल्या शिवरायांचं अष्टप्रधान मंडळ होतंच की. होतं, आणि कारभार चोख होता. पण ते आठ प्रधान महाराजांनी नेमलेले, महाराजांनाच जबाबदार. औंधात फरक हा की मंत्र्यांनी लोकांच्या सभेला उत्तर द्यायचं. 'प्रतिनिधी' हे पद मुळात छत्रपतींच्या वतीनं काम बघणाऱ्याचं. त्याच प्रतिनिधींच्या घराण्यानं पुढं रयतेला स्वतःचे प्रतिनिधी निवडायला सांगितलं.

आता म्हणाल, ताई, हे राजेरजवाड्यांचं आम्हाला कशाला? तर ऐका.

आमच्या ओळखीच्या एका गटात एक अध्यक्ष होत्या. गट त्यांनीच उभा केला. पावसापाण्यात दारोदार फिरून बायका जमवल्या, बँकेत खातं काढलं. बारा वर्षं त्याच अध्यक्ष. पासबुक त्यांच्या घरी, शिक्के त्यांच्या कपाटात. पैशाचा कधी घोळ नाही, बाई सोन्यासारखी. पण एकदा त्या आजारी पडून पुण्याला दवाखान्यात गेल्या. त्याच आठवड्यात एका सभासदाच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. गटात पैसे होते, पण सही करायला कुणी नाही, कपाटाची किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. शेवटी त्या माउलीनं दुभती शेळी विकली. मुलीची फी भरली, पण घरचं दूध गेलं.

अध्यक्षबाई परतल्यावर त्यांना हे कळलं. पुढच्या बैठकीत त्यांनी पासबुक आणि शिक्के सतरंजीवर ठेवले आणि म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवलात, पण माझ्यामागं काय, हे मी कधी ठरवलंच नाही." त्या दिवशी गटानं नियम लिहिले. पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदलायचे. सह्या तिघींच्या नावावर ठेवायच्या आणि कुठल्याही दोघींच्या सहीनं पैसे काढायचे. प्रत्येक बैठकीत हिशेब मोठ्यानं वाचायचा. अध्यक्षबाई आजही गटात आहेत, आणि त्यांचा मान वाढलाच आहे.

औंधच्या राजांनी हेच केलं. राजा चांगला असतानाच नियम लिहून घ्यावेत. माणूस वाईट निघाल्यावर लिहायला बसलं तर लेखणी आपल्या हाती राहत नाही.

एक कमी बाजूही सांगतो. औंधच्या रयतेला तो अधिकार राजानं दिला म्हणून मिळाला. दुसरा राजा तो देईलच असं नव्हतं. ८ मार्च १९४८ ला औंध, फलटण आणि शेजारची संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. पुढं २६ जानेवारी १९५० ला आपलं संविधान लागू झालं. आता राष्ट्रपतीसुद्धा निवडूनच येतात, गादीचा वारसा नाही. १९९३ पासून पंचायतींना संविधानाचाच आधार आहे, आणि महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. हे कुणाच्या मेहेरबानीनं नाही, आपल्या हक्कानं आहे.

पण बघा, गावात सरपंच ताई आणि सही झाल्यावर कागद बघणारा तिचा नवरा, असं असेल तर नियम कागदावरच राहिला. ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असा आपल्याकडे कायदा आहे. तुमच्या गावात ती होते का? की नुसत्या रजिस्टरवर सह्या होतात?

तेव्हा येत्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या गटाचे नियम लिहिलेले आहेत का? अध्यक्ष महिनाभर गावात नसल्या तर गटाचं काम चालेल का? आणि शेवटचा हिशेब सगळ्यांनी ऐकून किती दिवस झाले? उत्तर देताना कुणावर बोट दाखवू नका. चहा ठेवा, वही उघडा आणि लिहायला बसा.