पाकीट न फोडता डेक: दोन हजारांत साठ पत्ते

डहाणूहून बोलतोय. आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे विचारतात, "ट्रेडिंग कार्ड गेम खेळायचाय, पण खिशात तेवढे पैसे नाहीत, काय करू?" लोकलमध्ये ज्यांना नेटवर्क मिळत नाही किंवा गर्दीत आवाज ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. डहाणू रोड ते चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा आरामात वाचा.

विषय निघाला तो माझ्या मामेभावामुळे. तो तलासरीचा, बारावीला आहे. सुट्टीत चिकूच्या वाडीत कामाला जातो. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी ठरवलं होतं की मजुरीचे पैसे एकत्र करायचे आणि 'मॅजिक द गॅदरिंग'च्या पाकिटांचा अख्खा बॉक्स मागवायचा. मला म्हणाला, "दादा, छत्तीस पाकिटं आहेत. एवढ्यात काहीतरी भारी निघणारच ना?"

निघणारच, हे खरं. पण जे हवं तेच निघेल का? चला, हिशोब करू. समजा एका सेटमध्ये ६० रेअर पत्ते आहेत आणि प्रत्येक पाकिटात एक रेअर निघतो. तुम्हाला त्यातला एक ठरावीक पत्ता हवाय. ३६ पाकिटं फोडली तर तो किमान एकदा मिळण्याची शक्यता साधारण ४५ टक्के. म्हणजे छापा-काट्यापेक्षाही कमी. आणि डेकमध्ये त्याच पत्त्याच्या चार प्रती हव्या असतील तर विषयच संपला.

आता दुसरी बाजू बघा. समजा त्याच सेटमध्ये १०० कॉमन पत्ते आहेत आणि एका पाकिटात १० कॉमन येतात. मग ३६ पाकिटांत प्रत्येक कॉमन सरासरी साडेतीन वेळा हाती लागतो. सगळ्यांकडे ढीग जमतो, म्हणून बहुतेक कॉमन पत्ते सुटे घ्यायला गेलं की स्वस्त पडतात. आपला बजेट डेक इथूनच सुरू होतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिक १९९३ साली आला. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या माणसाने तो तयार केला. दोन भिडू समोरासमोर बसतात, प्रत्येकाचे २० लाइफ. लँड नावाचे पत्ते टाकून ताकद जमवायची, ती ताकद खर्च करून मंत्र मारायचे नाहीतर प्राणी उतरवायचे, आणि समोरच्याचे २० शून्यावर आणायचे. डेक किमान ६० पत्त्यांचा. बेसिक लँड सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते.

या खेळाचा 'पॉपर' नावाचा एक प्रकार आहे. त्यात फक्त तेच पत्ते चालतात जे कधी ना कधी कॉमन म्हणून छापले गेलेत, बंदी घातलेले मोजके सोडून. आधी तो मुख्यतः ऑनलाइन खेळला जायचा. २०१९ मध्ये कागदी आणि ऑनलाइन खेळासाठी एकच अधिकृत यादी झाली. समोरच्याच्या बापाची वाडी कितीही मोठी असू दे, टेबलावर त्याच्याही हातात कॉमनच पत्ते असतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही बरं का. सावंतवाडीची गंजिफा ऐकली असेल. गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येकाचे १२, असे १२० पत्ते. त्यात दरबारी कलम आणि बाजार कलम असे दोन प्रकार असायचे. श्रीमंतांसाठी हस्तिदंतासारख्या महागड्या मालाचे, सामान्य माणसासाठी कापडाचे नाहीतर कागदाचे. पण नियम तेच. राजाकडचा राजा आणि बाजारातला राजा, दोघांची किंमत डावात सारखीच. मॅजिकमध्ये मात्र महागडा पत्ता बऱ्याचदा खरोखरच जास्त ताकदीचा असतो. ते अंतर पॉपर मिटवतो, असं नाही म्हणणार मी. पण बरंच कमी करतो.

तर बॉक्सचा बेत रद्द झाला आणि आम्ही आकडा ठरवला: दोन हजार रुपये. त्यात साठ पत्ते, पंधरा पत्त्यांचा साइडबोर्ड, स्लीव्ह आणि कुरिअर. सगळं धरून.

पहिला प्रश्न, कुठला डेक? आम्ही निवडला लाल रंगाचा 'बर्न'. कारण सोपं. लाइटनिंग बोल्ट हा पत्ता बघा. एक लाल ताकद खर्च करायची आणि सरळ ३ लाइफ उडवायचे. समोरच्याचे २० आहेत, म्हणजे असे सात पत्ते लागले की २१ झाले. खेळ खल्लास.

आता डेकमध्ये १८ लँड ठेवले, म्हणजे दर दहा पत्त्यांत सरासरी तीन लँड. पहिली पाळी आपली असेल तर पहिल्या पाळीला पत्ता ओढायचा नसतो. सुरुवातीला हातात सात, नंतर प्रत्येक पाळीला एक. चौथ्या पाळीपर्यंत आपण दहा पत्ते बघितलेले असतात. तीन लँड, सात मंत्र. सात त्रिक एकवीस! ताकद पुरते का? पहिल्या पाळीला १, दुसऱ्या पाळीला २, नंतर ३ आणि ३. एकूण ९. सात मंत्रांना सात पुरे. म्हणजे कागदावर हा डेक चौथ्या पाळीला जिंकतो. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा त्याने स्वतः वहीत मांडून बघितलं, मगच मान हलवली. मला ते जाम आवडलं.

मग डेकचा सांगाडा: १८ माउंटन, १२ प्राणी, ३० मंत्र. मंत्रांत लाइटनिंग बोल्ट, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्युअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट. प्राण्यांत थर्मो-अल्केमिस्ट आणि घिटू लाव्हारनर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्ते विकत घ्यायच्या आधी टेस्टिंग. एकही रुपया न घालवता.

घरातला जुना पत्त्यांचा कॅट घ्या, वहीची पानं कापून चिठ्ठ्या करा, पेन्सिलने पत्त्याचं नाव आणि काम लिहा, आणि पत्त्यासकट स्लीव्हमध्ये सरकवा. याला प्रॉक्सी म्हणतात. अधिकृत स्पर्धेत चालत नाही, पण घरच्या ओट्यावर कोण अडवणार? ज्यांना नियमच शिकायचेत, त्यांनी फोनवर 'मॅजिक अरेना' घ्या. २०२१ पासून मोबाइलवर आहे, फुकट आहे. फक्त खरेदीच्या बटणापासून बोट लांब ठेवा.

पहिली टेस्ट एकट्याने. समोर भिडू नाही असं समजून डेक चालवायचा आणि कितव्या पाळीला २० पूर्ण होतात ते लिहायचं. इंग्रजीत याला गोल्डफिश म्हणतात, म्हणजे समोर जणू काचेच्या भांड्यातला मासा बसलाय. आम्ही असे ३० डाव खेळलो. चौथ्या पाळीला ८ वेळा, पाचव्याला १३, सहाव्याला ६, सातव्याला ३. सरासरी ५.१. कागद चार म्हणतो, वही पाच म्हणते. फरक कुठून आला? लँडमुळे.

हे आकडे जरा लक्ष देऊन ऐका. ६० पत्त्यांत १८ लँड असतील तर पहिल्या सात पत्त्यांत एकच लँड किंवा एकही नाही, असं ३१ टक्के वेळा होतं. लँड १६ केले तर ते ३९ टक्के. २० केले तर २५ टक्के. मग २० का नको ठेवायला? कारण प्रत्येक जास्तीचा लँड म्हणजे एक मंत्र कमी. शेवटी हातात माउंटन घेऊन बसावं लागतं आणि समोरच्याचे ३ लाइफ उरलेले असतात. आम्ही १६, १८, २० असे तिन्ही चालवून बघितले आणि १८ वर थांबलो. हात खराब आला तर मलिगन आहेच: पुन्हा सात घ्यायचे आणि एक पत्ता तळाशी ठेवायचा.

इथे नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लँडही बदलले, प्राणीही बदलले, आणि डेक सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कसं कळणार? भाजीत मीठ आणि तिखट दोन्ही वाढवल्यावर चव का बदलली, असं विचारण्यासारखं आहे ते.

ह्याच पद्धतीने आम्ही पैसे वाचवले. मूळ यादीत चेन लाइटनिंग होता, एक ताकद, ३ लाइफ. आम्ही बघितलं तेव्हा चार प्रतींची किंमत बजेटचा मोठा घास घेत होती. त्याजागी फायरबोल्टच्या चिठ्ठ्या घातल्या. तो २ च लाइफ घेतो, पण नंतर जास्त ताकद देऊन वापरलेल्या ढिगातून पुन्हा मारता येतो. पुन्हा ३० डाव. सरासरी ५.१ ची ५.३ झाली. म्हणजे पाच डावांत एखादी पाळी उशीर. मी मामेभावाला विचारलं, "एवढ्यासाठी तेवढे पैसे देशील?" तो म्हणाला, "दादा, एवढ्या पैशात माझा जीपचा पास निघतो." निर्णय झाला.

दुसरी टेस्ट खऱ्या भिडूसमोर. त्याच्या मित्राने हिरव्या एल्फचा डेक केला, तोही चिठ्ठ्यांचा. पहिल्या दहा डावांत आम्ही ६ जिंकलो आणि पोरांनी लगेच नाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांबा. दोन अगदी बरोबरीचे डेक असले तरी दहात सहा किंवा जास्त विजय नुसत्या नशिबाने ३८ टक्के वेळा मिळतात. दहा डाव म्हणजे काहीच नाही. अजून दहा खेळलो, एकूण ११ विरुद्ध ९. त्यातले ८ विजय आपली पहिली पाळी असतानाचे. म्हणून टेस्ट करताना पहिली पाळी आलटून-पालटून घ्या, नाहीतर वही खोटं बोलेल.

वहीत एवढंच लिहा: पहिली पाळी कोणाची, सुरुवातीला लँड किती, जिंकलो की हरलो, आणि हरलो तर शेवटी हातात काय अडकलं होतं. चार रकाने. शेवटच्या रकान्यातून साइडबोर्ड सुचतो. समोरचा यंत्रं, म्हणजे आर्टिफॅक्ट खेळत असेल तर स्मॅश टू स्मिदरीन्स आत घ्यायचा. तो यंत्रही फोडतो आणि ३ लाइफही घेतो.

मग पत्ते मागवले. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. आपल्याकडच्या पोरांसाठी एक सूचना: किनाऱ्याची दमट हवा, त्यात पावसाळा. चमकणारे फॉइल पत्ते दमट हवेत वाकतात. वाकलेला पत्ता स्लीव्हमधूनही ओळखू येतो, आणि स्पर्धेत तो खुणेचा पत्ता ठरू शकतो. साधे पत्ते घ्या, स्वस्तही पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी आत टाका.

आता खरं खरं सांगतो. हा डेक घेऊन मामेभाऊ एका मुंबईच्या पोराशी खेळला. त्या पोराकडे पॉपर नव्हता, महागडा रेअरवाला डेक होता. पाच डाव झाले, आपण चार हरलो. बजेट डेक सगळ्यांना लोळवतो असं जे व्हिडिओत सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. पैशाने ताकद मिळते, या खेळात तरी मिळते.

पण त्या संध्याकाळी तो फोनवर काय म्हणाला, ते ऐका. "दादा, दोन डाव लँड अडकले म्हणून गेले. एक त्याच्या पत्त्याने गेला, त्याला आपल्याकडे उत्तरच नाही. पण एक माझा होता. मी बोल्ट प्राण्यावर मारला, त्याच्या लाइफवर मारायला हवा होता. तो मी पुन्हा नाही हरणार." आधी हाच पोरगा म्हणायचा की हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. आता त्याला माहीत आहे की चारातला पैशाचा डाव एकच होता.

त्याचे तिघे मित्रही आता चिठ्ठ्या कापतायत. एक निळा, एक काळा, एक पांढरा. बॉक्सचे म्हणून जमवलेले पैसे त्यांनी वाटून घेतले. तलासरीत पुढच्या सुट्टीत चौघांची स्पर्धा ठरलीय, फक्त कॉमन पत्ते, प्रॉक्सी चालतील, प्रवेश फुकट. पंच मी.

तर मंडळी, तुमच्याकडे आज काय आहे? वही, पेन्सिल, कात्री आणि जुना कॅट. ३० डाव एकट्याने, २० डाव भिडूसमोर, मग खरेदी. तुमच्या वहीतली सरासरी किती आली ते मला नक्की कळवा, आणि ज्याचं बोट आत्ता पाकिटांच्या 'बाय' बटणावर आहे अशा मित्राला हा भाग आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. पत्ते नीट पिसा!