दर हजारी गाणे



कलावंताच्या कमाईवर युनियनवाल्याने काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. अर्थशास्त्र शिकलो ते विडी कामगारांच्या हिशेबाच्या वह्यांतून. पण तीच विद्या येथे उपयोगी पडते.

विडीची मजुरी दर हजारी असते. बाई घरी बसून विड्या वळते, कारखान्यात नेऊन देते. तपासणारा त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्यांचे पैसे नाहीत, आणि पुष्कळदा त्या विड्याही परत नाहीत! या छाटीविरुद्ध दाद मागण्याची सोय १९६६ च्या विडी कामगार कायद्याने केली.

आता मोबाइलवरच्या गाण्याकडे या. मागील बारा महिन्यांत हजार वेळांहून कमी ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदला नाही, असा नियम स्पॉटिफाय कंपनीने २०२४ पासून लावला. ही छाटच झाली. फरक इतकाच की, तो पैसा जास्त चालणाऱ्या गाण्यांत वाटला जातो. म्हणजे उपाशी माणसाची भाकरी श्रीखंडाच्या पंगतीत वाढायची!

शिवाय तुम्ही महिनाभर शेजारच्या मुलीचेच भावगीत ऐकलेत, तरी तुमची वर्गणी तिच्या पदरात पडेलच असे नाही. सगळ्यांच्या वर्गणीची एकच रास होते, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढे माप त्याला मिळते. मराठी गाणे या मापात कोठे बसणार?

कायदा मात्र अगदीच निजलेला नाही. चित्रपटातील गाण्याचा हक्क निर्मात्याचा, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९७७ साली दिला होता. पुढे जावेद अख्तर राज्यसभेत भांडले आणि २०१२ साली कायदा बदलला. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, तर रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराचा. तो सही करूनही सोडून देता येत नाही. कामगाराने राजीखुशीने कमी मजुरी कबूल केली, तरी कायदा ती कबुली मानीत नाही, तसेच हे.

पण विड्या मोजते ती बाई स्वतः. गाणे किती वेळा ऐकले, हे कंपनी मोजते, आणि कंपनीच सांगते. एकटा गीतकार तिच्या दारी हिशेब मागू लागला, तर कोण उभे करील? त्यासाठी १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी तेथे नाव घातलेले नाही, त्यांनी व्याख्यानानंतर आपापली करारपत्रे घेऊन आमच्याकडे यावे. आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूस बसणार आहोत.