आवाजाचा संस्कार

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)

आदरणीय अध्यक्ष महोदय आणि भगिनी-बंधूंनो,

'बंधू-भगिनींनो' म्हणण्याचा आपला प्रघात आहे. क्रम मी मुद्दाम बदलला. १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी प्रथम भगिनींना साद घातली होती. आमच्या बालपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरून एक आवाज असाच यायचा. आधी 'बहनों', मग 'भाइयों'! तो आवाज अमीन सयानींचा.

माझे वडील नित्यनेमाने शाखेत जाणारे. चित्रपटगीते म्हणजे वेळेचा अपव्यय, हे त्यांचे ठाम मत. पण बुधवारी पावणेआठ वाजले की तेच रेडिओचा काटा सरकवीत बसायचे. खरखरीतून स्टेशन लागले की आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर यायची. शेजारची मंडळी ओट्यावर टेकायची. हा आवाज कोणत्या धर्माच्या माणसाचा, असा प्रश्न आमच्या घरात कधीच निघाला नाही.

या कार्यक्रमाच्या जन्मकथेत आपल्यासाठी एक धडा आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून कळकळ होती आणि आकाशवाणीवर त्याला त्यांनी मानाचे स्थान दिले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. मात्र त्याच काळात चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे जवळजवळ बंद झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा कोलंबोकडे वळवला! त्याच वर्षाच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने सिलोनला जात आणि गाणी समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याच घरी येत. १९५३ च्या वार्षिक क्रमवारीत अग्रस्थान मिळाले ते 'अनारकली'तील गीताला. स्वर लताबाईंचा, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे.

अभिरुची आदेशाने घडत नाही, ती आपुलकीने घडते. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा ते ऐकण्याची सक्ती कोणी केली होती? गदिमांची शब्दकळा आणि बाबूजींची चाल यांनीच घरेदारे स्तब्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले हेच बाबूजी, सुधीर फडके! पुढे १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू झाली. तिला आकार देणारे पंडित नरेंद्र शर्मा, संगीतकार बाबूजी आणि गायिका लताबाई १९६१ च्या 'भाभी की चूडियाँ'त एकत्र आले. सोज्ज्वळता आणि लोकप्रियता यांचे वैर नसते, याचा याहून उत्तम दाखला कोणता? 'बैजू बावरा'तील भजन शकील यांनी लिहिले, नौशाद यांनी मालकंसात बांधले आणि रफींनी गायिले. ते आपल्या देवघरापर्यंत पोहोचले.

सयानींची हिंदी सोपी होती. त्यांच्या मातोश्री कुलसुमबेन 'रहबर' हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. सामान्य माणसाला कळेल असे बोलण्याचे संस्कार त्यांच्यावर घरातच झाले. वेळेचे भान, शब्दांची निवड आणि श्रोत्याविषयीचा आदर ही त्यांची शिदोरी. समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला यापेक्षा वेगळे काय लागते?

२० फेब्रुवारी २०२४ रोजी तो आवाज थांबला. बातमी आली तेव्हा आमच्या घरात चौघेजण चार खोल्यांत, कानात आपापले यंत्र घालून बसलो होतो. गाणी आज मुठीत आहेत. हरवले आहे ते सोबतीने ऐकणे. म्हणून एकच विनंती करतो. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. घरातल्या आजी-आजोबांना त्यांचे आवडते गाणे विचारा आणि सर्वांनी एकत्र बसून ते ऐका. पुढचे संभाषण आपोआप सुरू होईल.